सेटअप फाइल कुठून आली?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या सिडकोत तुमचं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. फोटोचं काम करायला जिम्प हा फुकटचा प्रोग्रॅम हवा होता, म्हणून सर्चमध्ये नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या लिंकवरून सेटअप उतरवला. ब्राउझरने धोक्याची सूचना दिली, पण ती नेहमीच देतो म्हणून 'कीप' दाबलं. फाइल चालवली, काहीच उघडलं नाही, तुम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं ईमेल खातं दुसऱ्याच्या ताब्यात, तेही टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी विचारणं, चालू असताना. संध्याकाळपर्यंत ते परत मिळालं. आता अँटिव्हायरस विकणारे सांगतात की फुकटचं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला उघडा असतो असं सॉफ्टवेअर, वापरल्यावर असंच होणार. मुलगा म्हणतो क्रोम सोडून फायरफॉक्स घ्या. दीर म्हणतात ब्रेव्ह हा ब्राउझर घ्या. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांचे आणि कॉलेज रोडवरच्या क्लासेसचे कॉम्प्युटर सांभाळतोय. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण तुमच्याकडे जे घडलं त्याचं कारण तिघांनाही सापडलेलं नाही. त्याकडे वळण्याआधी आज करायची कामं सांगतो, कारण खातं परत मिळालं म्हणजे प्रकरण मिटलं असं तुमच्या लिहिण्यात दिसतंय, आणि ते मिटलेलं नाही.

त्या पीसीची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. त्या पीसीवरून एकही पासवर्ड बदलू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे: माणूस घाबरून त्याच मशीनवर बसतो, नवा पासवर्ड टाकतो आणि तो नवा पासवर्डही लगेच चोराकडे जातो. फोन घ्या किंवा घरचा लॅपटॉप घ्या. आधी ईमेल, मग बँक, मग फॉर्म भरण्याच्या पोर्टलची लॉगिन, अशा क्रमाने बदला. ईमेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पडतात. पासवर्ड बदलल्यावर 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' हे न चुकता करा. ते का, हे खाली येईल. मग ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, मेल दुसरीकडे फॉरवर्ड होत नाहीत ना, कोणी नवा फिल्टर लावलाय का, हे बघा. बँकेचे मेल आले की परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावून चोर निघून जातो, आणि महिनाभर आपल्याला कळत नाही. खात्यातून एक रुपया जरी गेला असेल तर १९३० ला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. पैसे गेले नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवा. उद्या तुमच्या ईमेलवरून कोणाला गंडा घातला गेला, तर ती नोंद तुमच्या कामी येईल.

आता टू-स्टेप असून चोर आत कसा शिरला ते सांगतो.

अंबडच्या कुठल्याही कारखान्यात गेलात तर गेटवर वॉचमन ओळखपत्र बघतो, आत फोन लावून खात्री करतो आणि गेटपास देतो. एकदा पास मिळाला की आतल्या कुठल्याही शेडमध्ये कोणी पुन्हा ओळखपत्र मागत नाही, पास बघतात आणि सोडतात. ब्राउझरमधली लॉगिनची कुकी म्हणजे हा गेटपास. तुम्ही सकाळी पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, साइटने कुकी दिली, मग दिवसभर काही विचारलं नाही. तुम्ही चालवलेल्या फाइलीसारख्या ज्या फाइली असतात, त्यांना इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन, विडार, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. त्या स्क्रीनवर काही दाखवत नाहीत. एक-दोन मिनिटांत ब्राउझरमधल्या कुकी, साठवलेले पासवर्ड, ऑटोफिलमधले नाव-पत्ते-कार्ड गोळा करतात, पाठवतात, आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकतात. चोराने तुमचा गेटपास आपल्या ब्राउझरमध्ये लावला. त्याला ओटीपी कोणी विचारलाच नाही. म्हणून नुसतं कुलूप बदलून भागत नाही, दिलेले सगळे पास रद्द करावे लागतात. 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' म्हणजे तेच.

यामुळे टू-स्टेप निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नका. ज्या खात्याला ते लावलेलं असतं, तिथे चोराला नुसत्या चोरलेल्या पासवर्डवर जाता येत नाही.

आणि हा सापळा नवा नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नेमकं जिम्पच्याच बाबतीत हे झालं होतं. गूगलवर जिम्प शोधलं की वर जाहिरात दिसायची. तिच्यात पत्ता खऱ्या साइटचा, जिम्प डॉट ऑर्ग असा दिसायचा, पण क्लिक केल्यावर माणूस एका-दोन अक्षरांचा फरक असलेल्या नकली साइटवर पोचायचा. साइट हुबेहूब. तिथली फाइल जवळपास ७०० एमबीची होती. खरा विषारी भाग ५ एमबीपेक्षाही कमी, बाकी सगळा भुसा भरलेला. मोठ्या फाइली अनेक स्कॅनर तपासतच नाहीत, म्हणून ही युक्ती. आतमध्ये विडार होता. त्यानंतरच्या काही महिन्यांत व्हीएलसी, सेव्हन-झिप, ओबीएस, ब्लेंडर, नोटपॅड प्लस प्लस, अशा सगळ्या फुकटच्या प्रोग्रॅमच्या नावाने अशा जाहिराती निघाल्या. २०२३ मध्ये तर कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाची जाहिरात आली. तिच्या नकली पत्त्यात 'के' या अक्षराखाली एक बारीक चिन्ह होतं, धूळ समजून बोटाने पुसावं असं. पत्ता नीट वाचणारा माणूसही तिथे फसू शकतो. म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय तो बाजूला ठेवा.

आता 'ओपन सोर्समुळेच झालं' या म्हणण्याकडे येतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लहान दुकानदाराला चोरीचं सॉफ्टवेअर सोडून कायद्याने वागता येतं ते याच प्रोग्रॅममुळे, आणि त्यांचं नाव असं बदनाम होतं.

आपल्याकडे द्राक्ष कशी जातात बघा. युरोपला जाणाऱ्या पेटीवरून बाग शोधता येते. प्लॉटची नोंदणी असते, काढणीआधी नमुना लॅबला जातो, पॅकहाऊसची नोंद असते. पिंपळगावच्या एखाद्या बागेचं नाव कितीही मोठं असो, त्या बागेचं लेबल चिकटवून कोणी हायवेला पेटी विकत असेल तर बागायतदाराचा त्यात काय दोष? ओपन सोर्स म्हणजे बाग सगळ्यांना बघायला उघडी आहे. मात्र तुम्ही बाग खात नाही, पेटी घेता. जिम्पचा कोड उघडा आहे आणि तो अनेकांनी पाहिलाय, हे खरं. तुम्ही चालवलेली फाइल त्या कोडपासून बनलेलीच नव्हती.

तरीही प्रामाणिकपणे सांगायला हवं की वाटेवरचे सगळे दरोडे नकली साइटवरच पडतात असं नाही. खऱ्या ठिकाणीही पडले आहेत. एकेकाळी ओपन सोर्सची मोठी बाजारपेठ म्हणजे सोर्सफोर्ज. २०१३ मध्ये त्यांनी सेटअपला जाहिरातींचे प्रोग्रॅम चिकटवण्याची योजना आणली, त्याच वर्षी जिम्पवाले तिथून बाहेर पडले. २०१५ च्या मे महिन्यात सोर्सफोर्जने जिम्पचं विंडोजचं जुनं पान स्वतःच्या ताब्यात घेऊन जाहिराती चिकटवलेला सेटअप ठेवला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला लिनक्स मिंटच्या (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकटची सिस्टिम) साइटमध्ये घुसून कोणीतरी डाउनलोडची लिंकच बदलली. त्या दिवशी सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांना मागचा दरवाजा असलेली, म्हणजे चोराला गुपचूप आत येता येईल अशी प्रत मिळाली. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओच्या प्रोग्रॅमच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर चार दिवस मॅकची भेसळ केलेली फाइल होती. म्हणजे नाणेफेक. ज्याला छापा पडला त्याचे पासवर्ड गेले.

आणि २०२४ चं एक्सझेड प्रकरण तर या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावं असं आहे. एक्सझेड हा फाइली लहान करण्याचा छोटासा प्रोग्रॅम, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतो. सांभाळणारा मुख्य माणूस एकटा, थकलेला, बिनपगारी. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला, हळूहळू चाव्या हातात घेतल्या आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा बसवला. विष चाचणीच्या फाइलींमध्ये लपवलं होतं, पण ते जागं करणारी स्क्रिप्ट सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हती. ती फक्त लोकांना वाटप करायला बनवलेल्या गठ्ठ्यात होती. पुन्हा तेच: बाग आणि पेटी यांच्या मध्ये. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. तो डेटाबेसच्या वेगाची चाचणी करत होता आणि सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. कोड उघडा होता म्हणून त्याला अर्ध्या सेकंदाच्या मागे शेवटपर्यंत जाता आलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याला कंपनीला मेल लिहून उत्तराची वाट बघावी लागली असती. हे मी ओपन सोर्सच्या बाजूने सांगतोय, पण त्याचबरोबर हेही खरं की तो एक माणूस त्या दिवशी त्या कामाला बसला नसता, तर ते विष जगभरच्या सर्व्हरवर पोचलं असतं. उघडा कोड कोणीतरी खरंच वाचत असेल तरच उपयोगाचा.

आता अँटिव्हायरस विकणाऱ्यांना एवढंच विचारा, की २०१७ चं सीक्लीनर आठवतं का. कॉम्प्युटर साफ करण्याचा हा प्रोग्रॅम ओपन सोर्स नव्हता. कंपनी नुकतीच एका मोठ्या अँटिव्हायरस कंपनीने विकत घेतलेली. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबरपर्यंत अधिकृत साइटवरच, कंपनीची खरी डिजिटल सही असलेली भेसळीची फाइल मिळत होती. २२ लाख ७० हजार जणांच्या कॉम्प्युटरवर ती पोचली. पैसे घेणारं असो वा फुकटचं, बंद असो वा उघडं, वाट फोडली गेली की फोडली गेली.

आणि डीटीपीच्या धंद्यातलं खरं दुखणं वेगळंच आहे. कोरल आणि फोटोशॉपचे क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेल्या चोरीच्या प्रती. सेटअपबरोबर एक कीजेन, म्हणजे खोटी लायसन्स की बनवणारा प्रोग्रॅम, येतो, सोबत सूचना असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. अहो, घरात शिरण्याआधी कुत्रा बांधून ठेवा असं सांगणारा पाहुणा कोण असतो? मी ज्या मशीन साफ केल्या त्यात क्रॅकमुळे बिघडलेल्या सगळ्यात जास्त. तुम्ही ते सोडून जिम्पकडे निघाला होतात, दिशा बरोबर होती. मागे फिरू नका.

ब्राउझरबद्दल. मुलाला आणि दिरांना सांगा की भांडणाचा मुद्दा चुकलाय. विंडोजमध्ये तुमच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम तुम्हाला जे वाचता येतं ते सगळं वाचू शकतो. क्रोम, एज, ब्रेव्ह हे तिन्ही एकाच क्रोमियमच्या पायावर उभे आहेत आणि पासवर्ड ठेवण्याची त्यांची पद्धत मिळतीजुळती आहे. फायरफॉक्सचा पाया वेगळा, पण त्यात 'प्रायमरी पासवर्ड', म्हणजे साठवलेल्या पासवर्डांवरचं वेगळं कुलूप, लावला नसेल तर साठवलेले पासवर्ड तितकेच सहज निघतात. स्टीलर बनवणारे सगळ्या ब्राउझरचे फोल्डर पाठ करून येतात. क्रोमने जुलै २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर कुकींना जास्तीचं कुलूप घातलं, ते चांगलं पाऊल होतं. काही महिन्यांतच चोरांनी त्यावरही उपाय काढले. म्हणजे फाइल चालवून झाल्यावर ब्राउझर कोणता होता याला फारसा अर्थ उरत नाही.

ब्राउझरचा अर्थ आहे तो त्याआधी, ती जाहिरात तुमच्यासमोर येते की नाही, इथे. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना जाहीर सल्ला दिला की सर्च करताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरा, कारण नकली डाउनलोडच्या जाहिराती वाढल्या आहेत. पोलिसांनी हे सांगावं इतकी वेळ आली होती. या कामात यूब्लॉक ओरिजिन सगळ्यात भरवशाचं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे त्याची पूर्ण आवृत्ती तिथे आता चालत नाही, 'लाइट' चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते. ब्रेव्हमध्ये अडवणं मुळातच आहे. म्हणून दुकानाच्या मशीनवर मी फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन लावतो. तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर, कारण मात्र हे.

एक्स्टेन्शन कमीत कमी ठेवा. यात माझी स्वतःची चूक सांगतो. एका कारखान्याच्या लेखापालाला पीडीएफ जोडायला एक एक्स्टेन्शन मीच टाकून दिलं होतं. दोन वर्षं नीट चाललं. मग एके दिवशी त्यांच्या सर्चचे निकाल बदलायला लागले, बँकेच्या पानावर नको ते चौकोन दिसायला लागले. त्या एक्स्टेन्शनची मालकी बदलली होती आणि अपडेट आपोआप आलं होतं. आम्ही काहीही क्लिक केलं नव्हतं. असंच 'द ग्रेट सस्पेंडर' या लोकप्रिय, ओपन सोर्स एक्स्टेन्शनचं झालं: २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकलं, २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलला ते मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, म्हणून काढून टाकावं लागलं. तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी प्रत्येक मशीनची एक्स्टेन्शनची यादी उघडून बघतो आणि 'हे कशासाठी?' याचं उत्तर मिळालं नाही की काढतो.

एक सापळा अजून सांगतो, कारण फॉर्म भरणाऱ्यांना तो फार लागतो. पान उघडतं, 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणतं, आणि मग विंडोजचं बटण व आर एकत्र दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा असं सांगतं. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही. त्यात तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा चालवत असता आणि ब्राउझरला काही उतरवावंच लागत नाही, त्यामुळे सूचनाही येत नाही. दुकानात काम करणाऱ्या मुलीला हे आजच दाखवून ठेवा.

मग सेटअप घ्यायचा कुठून? सर्चमधून कधीच नाही, पत्ता टाकून. जिम्प डॉट ऑर्ग, इंकस्केप डॉट ऑर्ग, लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग, व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. सेव्हन-झिपच्या खऱ्या पत्त्यात ७ आणि झिपच्या मध्ये आडवी रेघ आहे आणि शेवट डॉट ऑर्ग. रेघ नसलेला डॉट कॉमवाला पत्ता त्याच्या लेखकाचा नाही. एकदा नीट तपासून हे सगळे बुकमार्क करून ठेवा. विंडोजमध्ये विंगेट नावाची सोय आहे, ती नाव दिलं की नोंदवलेल्या पत्त्यावरून फाइल आणते आणि तिचा हॅश जुळतो का हे स्वतः तपासते. तुमच्या मुलाला पंधरा मिनिटांत येईल.

हॅश म्हणजे फाइलीचा अंगठा. सेव्हन-झिप असेल तर फाइलीवर राइट क्लिक करून त्याच्या मेनूत शा-२५६ नावाचा हॅश काढता येतो, तो साइटवरच्याशी ताडून बघायचा. हँडब्रेकच्या वेळी ज्यांनी हे केलं ते वाचले. पण साइटच चोराच्या हातात असेल तर तो हॅशही बदलेल, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी सही बघायची: फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' या टॅबखाली व्हीएलसीच्या सेटअपवर व्हिडिओलॅन आणि लिब्रेऑफिसच्या सेटअपवर द डॉक्युमेंट फाउंडेशन असं नाव दिसतं. तुम्ही म्हणता ती 'नेहमीची' धोक्याची सूचना मात्र खरंच अडचणीची आहे. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, छोट्या प्रकल्पांना ते परवडत नाही, त्यामुळे खऱ्या फाइलीवरही विंडोज कुरकुरतं आणि माणसाला 'कीप' दाबायची सवय लागते. मी एवढाच नियम पाळतो: पत्ता मी स्वतः टाकला असेल तर सूचनेवर विचार करतो, सर्चमधून आलो असेन तर फाइल पुसतो. झिपला पासवर्ड असेल आणि तो त्याच पानावर लिहिलेला असेल, तर विचारसुद्धा करायचा नाही. स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणूनच तो घातलेला असतो.

कधीकधी अधिकृत दारच बंद असतं. २०२२ मध्ये व्हिडिओलॅनची साइट भारतात अनेक नेटवर्कवरून कित्येक महिने उघडत नव्हती. सरकारी आदेशाने ती अडवली होती आणि कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात लोकांनी व्हीएलसी मिळेल तिथून उतरवलं. तेव्हाचा सेटअप कुठे पेनड्राइव्हवर पडला असेल तर फेकून द्या.

मराठी टायपिंगचंही तसंच आहे. गूगलचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं इनपुट टूल कंपनीने कधीच काढून घेतलं, तरी आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत तेच हवं असतं. मग 'मराठी इनपुट ऑफलाइन सेटअप' शोधून कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ते उतरवतात. कीबोर्डचा प्रोग्रॅम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ बघतो, बँकेचा पासवर्डसुद्धा. असं टूल परक्याच्या हातून घेण्यासारखा धोका नाही. आणि गरजही नाही: २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, तो येतो. इंग्रजी स्पेलिंगने लिहिता, तसंच चालतं. चार दिवस बोटं अडखळतील, मग बसेल.

आता तुमच्या पीसीचं. स्कॅन स्वच्छ आला तरी मी त्या मशीनवर विश्वास ठेवणार नाही. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका, पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवून. डिझाइनच्या फाइली, फोटो, पीडीएफ घ्या. कुठलीही सेटअप, फॉन्टच्या नावाने आलेली ईएक्सई, क्रॅकचं फोल्डर घेऊ नका. नव्या विंडोजमध्ये दोन खाती करा: रोजच्या कामाचं साधं, आणि प्रोग्रॅम टाकण्यापुरतं ॲडमिनचं, ज्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. साध्या खात्यातही स्टीलर त्या खात्यातलं चोरू शकतो, हे खरं, पण मशीनच्या मुळापर्यंत सहजासहजी जाऊ शकत नाही. पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका. कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम घ्या, तोही त्याच्या स्वतःच्या साइटवरून. बँकेचं काम शक्यतो फोनवर करा. डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन काम झालं की काढून खणात ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या प्रश्नात ओझरती आली आहे: 'डेस्कटॉपवर ग्राहकांचे कागद असतात'. आधार, पॅन, सातबारा, पोरांचे दाखले, पासबुकाचं पहिलं पान. अनेक स्टीलर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइलीही उचलतात. ज्या दिवशी फाइल चालवलीत त्या दिवशी तिथे कोणाकोणाचे कागद होते, त्याची यादी आठवून लिहून काढा आणि त्यांना फोन करा. अवघड वाटेल, गिऱ्हाईक तुटेल असं वाटेल. तरी करा. त्यांना सांगा की आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, ते एमआधार ॲपमधून फुकट होतं, आणि बँकेच्या नावाने फोन आला तर काही सांगू नका. फॉरमॅट करताना ते जुने स्कॅन नव्या मशीनवर परत आणू नका. फॉर्म भरून पावती निघाली की त्याच दिवशी स्कॅन पुसायचा, ग्राहकासमोर. आणि आधारची प्रत मागाल तेव्हा पहिले आठ आकडे झाकलेली, जिथे चालते तिथे.

फॉरमॅटला बसण्याआधी ती उतरवलेली सेटअप फाइल डाउनलोड्समध्ये अजून आहे का बघा. असेल तर उघडू नका, पुसूही नका. तिचं पूर्ण नाव, आकार आणि तारीख दिसेल असा फोनने स्क्रीनचा फोटो काढा, ब्राउझरच्या हिस्ट्रीतला तो नकली पत्ता दिसेल असा दुसरा. तक्रारीसोबत हे दोन्ही जोडा.